झाकण अर्धं, क्लच पूर्ण

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाला गाडी चालवता आलीच पाहिजे, असा कायदा नाही. असता तर पार्किंगकाकांना दुकान आणि संसार दोन्ही बंद करावे लागले असते.

स्कूल खरं मॅडमचं, त्याआधी मॅडमच्या वडिलांचं. काका तरुणपणी तिथे गाडी शिकायला आले. नियम तोंडपाठ, रस्त्यावरची प्रत्येक खूण ओळखीची, फक्त गाडी जागची हलत नसे. हललीच तर बंद पडे. याच्या मुळाशी अज्ञान नव्हतं, सौजन्य होतं. मागून कोणी येताना दिसलं की काका त्याला आधी जाऊ देत. त्याच्या मागून दुसरा येई, मग त्यालाही. वर आरशात बघून ते मागच्याची माफी मागत, आणि त्या गडबडीत क्लचवरचा पाय सुटे. रस्ता पूर्ण रिकामा झाल्यावरच निघायचं, या तत्त्वाचा माणूस फाटकाबाहेर पडू शकत नाही. परीक्षेत नापास झाले की ते पुन्हा नाव घालत. मॅडम तेव्हा नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. शेवटी फी परत मागायची सोडून काकांनी मागणी घातली. सासऱ्यांनी जावयाला ऑफिसात एक टेबल दिलं, आणि त्या टेबलामागे ते असे काही स्थिरावले की शिकायला येणाऱ्या पोरांनी त्यांचं नाव पार्किंगकाका पाडलं.

काका ऑफिस बघत आणि दुपारचा स्वयंपाक करत. मॅडम गाडीत बसत आणि फोनवरून दोन्हीकडे लक्ष ठेवत. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली; मधल्या दाराला पडदा. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस मॅडम ओल्या फरशीवरून घसरल्या आणि ज्या पायाने त्यांनी गावभरच्या नवशिक्यांना वेळेवर थांबवलं होतं, नेमका तोच मोडला.

अँब्युलन्समध्ये त्या आडव्या होत्या आणि काका त्यांच्या उशाशी चपला हातात धरून बसले होते. का धरल्या होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"गिअर उशिरा टाकताय," मॅडम छताकडे बघत पुढच्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "इंजिन रडतंय बघा."

"दुखत असेल ना गं?" काका म्हणाले.

"दुखतंय. तरी ऐकू येतंय." मग जरा वेळाने त्या म्हणाल्या, "गंमत बघा. एवढी वर्षं लोकांच्या शेजारी बसले, ब्रेकवर पाय ठेवून. मला कोणी गाडीतून नेतंय आणि मी नुसती बाहेर बघतेय, असं कधी झालंच नाही. आज नेतायत, तर खिडकीच्या काचा पांढऱ्या."

त्या सहज बोलल्या आणि वळणावर कण्हल्या. पण काकांनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं: प्लॅस्टर निघेल त्या दिवशी हिला घरी आपण आणायचं. आपण म्हणजे आपण. गाडी चालवून. हा निश्चय त्यांनी कोणालाही सांगितला नाही, कारण ऐकणारा आधी हसला असता आणि मग त्यांनाही हसू आलं असतं.

अँब्युलन्सचा ड्रायव्हर त्याच महिन्यात निवृत्त होत होता. स्ट्रेचरवरून गिअरची चूक काढणारी बाई त्याने नोकरीत पाहिली नव्हती. निवृत्त झाल्यावर तो सरळ स्कूलमध्ये आला आणि म्हणाला, "बाईंचा पाय बरा होईपर्यंत मी शिकवतो." त्या आठवड्यातलं त्याचं हे सगळ्यात लांब भाषण. मुलं त्याला नवे सर म्हणू लागली. गाडी ते सुरेख चालवत. फक्त लाल सिग्नल दिसला की त्यांना अपमान झाल्यासारखं वाटे, आणि शिकवताना ते दोनच शब्द वापरत: 'हं' आणि 'अंहं'.

मुलं कंटाळली. एका मुलीने ऑफिसात येऊन सांगितलं, "काका, सर चांगले आहेत हो, पण गाडीत फार शांत वाटतं. मॅडम ओरडायच्या तेव्हा कसं, सोबत असल्यासारखं वाटायचं."

काकांनी ही तक्रार लेकीला फोनवर सांगितली. लेक दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरवर काहीतरी करायची. नेमकं काय, हे तिने अनेकदा समजावलं होतं आणि काकांनी अनेकदा मान डोलावली होती.

"बाबा, आपण एक एआय सहायक लावू या. मुलं फोनवर विचारतील, तो उत्तर देईल."

"त्याला गाडी येते?"

"तुला येते? तरी स्कूल चालवतोसच ना! ऐक. त्याचा एक नॉलेज बेस असतो. म्हणजे त्याचं डोकं समज. त्यात तू जे कागद अपलोड करशील, तेवढंच त्याला ठाऊक असणार. पदरचं काही सांगायचं नाही, असं मी त्याला बजावते."

"म्हणजे जावयासारखं."

"तुझ्यासारख्या जावयासारखं," लेक म्हणाली.

काकांनी स्कूलमधले होते नव्हते ते सगळे कागद अपलोड केले. नियमांची पुस्तिका, खुणांचा तक्ता, वेळापत्रक. प्रत्येक कागद ते माऊसने धरून स्क्रीनवरच्या चौकटीपर्यंत इतक्या जपून नेत, जणू वाटेत सांडेल. चौकटीखालची पट्टी भरत येई तोवर श्वास रोखून बसत. हिरवी खूण आली की पडद्यापलीकडे ओरडत, "गेलं!"

"कोण?" आतून मॅडम विचारत.

"वेळापत्रक!"

सहायक सुरू झाला. पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारलं: 'सिग्नलला गाडी बंद पडलीय, मागून हॉर्न वाजतायत, काय करू?' सहायकाने उत्तर दिलं: 'नियम पुस्तिकेनुसार, वाहतुकीस अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करू नये.'

"हा तर सरकारी ऑफिसात लागेल," लेक म्हणाली. "बाबा, ह्यात आईचं बोलणं हवं. ती काय सांगायची ते कुठे लिहिलेलंय?"

लिहिलेलं कुठेच नव्हतं. पण गाडीत कॅमेरा होता. एका शिकाऊ गृहस्थांनी विजेच्या खांबावर बेजबाबदारपणाचा आरोप केला होता, तेव्हापासून बसवलेला. त्यात मॅडमचा आवाज भरलेला होता, आणि काकांनी स्वभावाप्रमाणे काहीही पुसलेलं नव्हतं. लेकीने ते सगळं बोलणं कॉम्प्युटरकडून कागदावर उतरवून घेतलं आणि काकांकडे पाठवलं. "वाच, नको ते काढून टाक, आणि मग अपलोड कर," म्हणाली.

काका चष्मा पुसून बसले. पहिलंच पान असं होतं:

'क्लच सोड. असा नाही रे, झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढतात तसा. हां. मागचा ओरडतोय तर ओरडू दे, त्याच्याकडे दुसरं काही नाहीये. थांब, फोन आहे. बोला. झाकण अर्धं ठेवा. अर्धं हो, पूर्ण नको. वाफ जाऊ दे. गोळी घेतलीत का? बघा, विसरलात. ठेवते. हां, आता दुसरा टाक. वा! जमलं की!'

झाकणाची सूचना आपल्यासाठी होती, हे काकांना चांगलंच आठवत होतं, गोळीही आपलीच. पण ती सूचना दिल्याबरोबर मुलाने दुसरा गिअर व्यवस्थित टाकला होता, हेही समोर दिसत होतं. तेव्हा त्यातलं कशामुळे काय झालं, हे ठरवणारे आपण कोण? गाडी येत असती तर काढून टाकलं असतं. येत नव्हती, म्हणून धोका पत्करायला नको. काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सगळीच्या सगळी फाईल चौकटीत नेऊन सोडली. हिरवी खूण आली.

दुसऱ्या दिवशी बँकेत काम करणाऱ्या एका बाईंनी विचारलं: 'चढावर गाडी मागे जाते. खूप भीती वाटते.' सहायकाने लिहिलं: 'भीती वाटणारच, वाटू दे. हँडब्रेक ओढा. क्लच पूर्ण दाबून पहिला टाका, मग बाळाच्या डोक्याखालून हात काढतात तसा सोडत या. गाडी थरथरली की हँडब्रेक खाली. मागे बघू नका, मागचे आपापलं बघतील. झाकण अर्धं ठेवा. गोळी घेतलीत का?'

बाईंनी उलट लिहिलं: 'अय्या, नाही घेतली. आता घेते.'

आठवडाभरात मुलं सहायकावर लट्टू झाली. कोणी गाडीबद्दल विचारी, कोणी उगीचच विचारी. एक नुकताच नोकरीला लागलेला मुलगा रोज घरी पोचल्यावर 'पोचलो' एवढंच लिहायचा, आणि सहायक म्हणायचा, 'हातपाय धू. मग बाकीचं.'

लेकीने हे वाचलं आणि फोन केला. "बाबा! तू काहीच काढलं नाहीस?"

"जोखीम वाटली."

"झाकण, बाबा? क्लासच्या सहायकात झाकण?"

"लोकांना आवडतंय."

"आईला कळलं तर?"

आईला त्याच वेळी कळत होतं, कारण मध्ये फक्त पडदा होता. "अहो," आतून आवाज आला, "इकडे या. तो फोनही आणा."

मॅडमनी अंथरुणात बसून सगळं वाचलं. वाचताना त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग गंभीर, मग पुन्हा लाल. "एवढी मी बोलते?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी मोजकं बोलते."

"आई, मी उद्या सगळं साफ करते," लेक फोनमधून म्हणाली.

"काही साफबिफ नको. मोडलेला पाय आहे, डोकं नाही. मी बघते रोज. कुठे चुकीचं सांगत असला तर मी दुरुस्त करेन. आणि ते झाकण राहू दे. ती बँकेतली घाबरट बाई झाकण सांगितल्यावरच गाडी पुढे नेते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

काकांनी लेकीला ऐकू जाईल असा विजयी सुस्कारा सोडला.

लेकीने मॅडमना टॅबलेटवर एक पान उघडून दिलं. सहायकाला ज्याचं उत्तर सापडलं नाही असे प्रश्न तिथे येऊन थांबत. खाली एक रिकामी चौकट. मॅडमनी त्यात उत्तर लिहिलं की ते नॉलेज बेसमध्ये जाई. पांघरुणावर टॅबलेट घेऊन त्या रोज सकाळी पेपर तपासायला बसल्यासारख्या बसत.

इकडे काकांचं गुपित पुढे सरकत होतं, गाडी मात्र सरकत नव्हती. त्यांनी नव्या सरांना विश्वासात घेतलं. सर 'हं' म्हणाले. सकाळी मॅडमचं औषधपाणी आटोपलं की काका 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणत बाहेर पडत, आणि कोपऱ्यापलीकडे सर गाडी घेऊन उभे असत. सरळ रस्त्यावर ठीक होतं. पण हॉस्पिटलहून घरी यायच्या वाटेवर एक चढ होता, चढाच्या मध्यावर सिग्नल होता, आणि तिथे काका दर वेळी आरशात बघत, हात जोडल्यासारखं करत आणि गाडी बंद पाडत. सर 'अंहं' म्हणत. आयुष्यभर रस्ता मागत पळालेल्या माणसाला, रस्ता देत बसलेल्या माणसाला काय सांगावं हे सुचत नसे.

प्लॅस्टर निघायचा दिवस जवळ आला. एका दुपारी काकांनी ऑफिसच्या टेबलावर बसून, पडद्याकडे पाठ करून, फोनवर सहायकाला विचारलं. नाव लिहायच्या जागी 'एक विद्यार्थी' एवढंच लिहिलं.

'क्लच दुखावला जाणार नाही अशा रीतीने चढावर गाडी कशी काढावी?'

उत्तर आलं, बाळाच्या डोक्यासकट. काकांनी पुढे लिहिलं: 'वय झालेल्या माणसाला, पूर्वी अनेकदा जमलेलं नसताना, आता जमू शकतं का?'

सहायकाने क्षणभर विचार केला. निदान स्क्रीनवर तीन ठिपके नाचले. मग लिहिलं: 'घाबरू नका. माझ्याकडे एक विद्यार्थी होता. सगळं पाठ होतं त्याला, पण गाडी सुटायची नाही. शेवटी मी त्याच्याशी लग्न केलं. अर्थात, प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत हा उपाय करता येत नाही.'

काकांनी चष्मा पुसून त्या ओळी पुन्हा वाचल्या. म्हणजे इतकी वर्षं गाडीत बसणाऱ्या प्रत्येक घाबरटाला आपली गोष्ट सांगितली जात होती तर. गावातल्या अर्ध्या लायसन्सधारकांना धीर यावा म्हणून आपण वापरले गेलो होतो. त्यांना राग आला नाही. पण छातीत कुठेतरी आरसा किंचित हलल्यासारखं झालं, आणि त्यांनी जे स्वतः पडदा बाजूला सारून कधीच विचारलं नसतं ते टाईप केलं:

'मग पुढे त्याचा पश्चात्ताप झाला का?'

सहायक म्हणाला: 'याबद्दल माझ्याकडे माहिती नाही. कृपया ऑफिसशी संपर्क साधा.'

काका ऑफिसच होते. त्यांनी फोन पालथा घातला आणि दुपारच्या मुलांची वेळ लिहायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या टॅबलेटवर तो प्रश्न येऊन थांबलेला होता. वर 'एक विद्यार्थी' या नावाचे आधीचे प्रश्नही दिसत होते. मॅडमनी क्लचच्या प्रश्नापाशी चष्मा वर केला. क्लच झिजेल का, असं लोक विचारतात. क्लच दुखावेल का, असं त्यांना आजवर एकाच माणसाने विचारलं होतं, आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन त्यांनी वडिलांना सांगितलं होतं की हा मुलगा काही शिकणार नाही, पण वाईट नाही.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पलीकडे काका फोनवर कोणालातरी सांगत होते, "आधी तुम्ही ठरवा, तुमची वेळ झाली की मग आम्ही आमची बघू." हल्ली हा माणूस रोज पाय मोकळे करायला जातो आणि परत येतो तेव्हा तळहाताला स्टिअरिंगच्या कव्हरचा काळा डाग असतो, हेही त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हाक मारली नाही. चौकटीत टाईप करायला घेतलं. बराच वेळ लागला, कारण त्या एका बोटाने टाईप करायच्या आणि मध्येमध्ये त्याच बोटाने डोळ्यांचा कोपरा पुसायच्या.

दुपारी काकांच्या फोनवर निरोप आला: 'आपल्या प्रश्नाचं उत्तर आता उपलब्ध आहे.' त्यांनी उघडलं.

'पश्चात्ताप झाला नाही. वेळच मिळाला नाही, दुपारी फोनवर स्वयंपाक सांगण्यात दिवस जायचा. आता चढाचं. सदर विद्यार्थ्याने आरशात बघून माफी मागणं बंद करावं. मागच्याला माफी नको असते, त्याला पुढची जागा हवी असते. ती आपण पुढे गेल्यावरच मिळते. आपण निघणं हीसुद्धा दुसऱ्याची सोयच, असं समजावं. मग त्याला जमेल. सौजन्यासाठी तो काहीही करू शकतो, हे मला ठाऊक आहे. गोळी घेतली का?'

काकांनी दोनदा वाचलं. मग मोठ्याने, कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "घेतली."

"बरं," पडद्यापलीकडून आवाज आला.

एवढ्यावरच तो विषय संपला. रात्री जेवताना दोघंही हवेबद्दल बोलले.

काकांनी लायसन्सच्या परीक्षेला गुपचूप पुन्हा नाव घातलं होतं. परीक्षेच्या दिवशी चढावर परीक्षकसाहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. मागे रांग लागली. काकांनी आरशात पाहिलं. एक टेम्पो, एक शाळेची गाडी, एक वैतागलेला मोटरसायकलवाला. 'या बिचाऱ्यांना जायचंय,' असं त्यांच्या मनात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावरून त्यांनी योग्य निष्कर्ष काढला. हँडब्रेक, क्लच, बाळाचं डोकं. गाडी निघाली. साहेबांनी जांभई देत सही केली. जांभई हा त्या खात्यातला सर्वोच्च शेरा आहे, असं नंतर सरांनी सांगितलं. म्हणजे ते 'हं' म्हणाले. बाकीचं काकांनी समजून घेतलं.

प्लॅस्टर निघालं. मॅडम काठी टेकत हॉस्पिटलच्या दाराबाहेर आल्या, तर समोर स्कूलचीच गाडी, टपावर 'शिकाऊ'ची पाटी, आणि स्टिअरिंगमागे इस्त्रीच्या शर्टात काका. त्यांनी इंजिन चालूच ठेवलं, उतरून दार उघडलं, काठी मागच्या सीटवर ठेवली, आणि उगीच खिडकीची काच पुसली. आतून आणि बाहेरूनही.

"पाटी काढायची राहिली वाटतं?" मॅडम म्हणाल्या.

"असू दे. लोक सांभाळून घेतात."

मॅडम नेहमीच्या सीटवर बसल्या. समोर त्यांचा तो जादा ब्रेक होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, बरा झालेला पाय उचलला आणि दाराच्या बाजूला, ब्रेकपासून शक्य तेवढा लांब नेऊन ठेवला. आणि बाहेर बघू लागल्या.

काकांनी गाडी काढली. बोलायला जागाच नव्हती, सगळं तोंड पहिल्या गिअरने भरलेलं होतं. मॅडम मात्र बोलत होत्या. हे दुकान कधी झालं? ह्या बंगल्याला हा रंग कोणी सुचवला? इथे झाड होतं ना हो? गेली कित्येक वर्षं त्या या रस्त्याने दिवसातून अनेकदा जात होत्या आणि त्यांनी कडेचं काहीच पाहिलेलं नव्हतं. मग त्यांचं बोलणं विरळ होत गेलं.

चढ आला. मध्यावर सिग्नल लाल झाला, जसा तो व्हायचाच होता. मागे गाड्या येऊन थांबल्या. हिरवा झाला. काकांनी आरशात पाहिलं नाही. हँडब्रेक, क्लच, एक थरथर, आणि गाडी अशी सुटली की खिडकीच्या काचेलाही कळलं नाही. "बघितलंस?" ते फुशारकीने म्हणाले आणि शेजारी वळले.

मॅडम झोपल्या होत्या. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, पाय जिथे ठेवला होता तिथेच. परीक्षा सोडली तर उभ्या आयुष्यात काकांनी एकच चढ धडपणे चढला, आणि एकुलता एक साक्षीदार घोरत होता.

त्यांना आधी वाईट वाटलं. मग पुढच्या वळणापाशी लक्षात आलं, की कोणाच्याही शेजारी बसून ही बाई आजवर गाडीत झोपलेली नाही. त्यांनी वेग आणखी कमी केला. मागून हॉर्न वाजले. वाजू दे, त्यांच्याकडे दुसरं काही नाही.

घरापाशी त्यांनी गाडी कडेला घेतली. मॅडमनी डोळे उघडले नाहीत.

"पोचलो?"

"पोचलो."

"मग इंजिन बंद करा."

काकांनी किल्ली फिरवली. आजवर ते इंजिन त्यांच्या हातून असंख्य वेळा बंद पडलं होतं. मुद्दाम बंद करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.